पहिले दहा फूट

आमच्या गॅरेजमध्ये मी ड्रायव्हरनं, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात लांब काठीनं, मारलेला चेंडू दहा फुटांवर टांगलेल्या पडद्यावर आदळतो आणि मुकाट्यानं खाली पडतो. माझ्यासारख्या मध्यम खेळाडूच्या चेंडूचा वेग ताशी १४० मैलांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण २०५ फूट. दहा फूट कापायला त्याला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. खरा गोल्फ तेवढाच. त्यानंतर पडद्यावर जो चेंडू आभाळात चढतो, वाऱ्यानं उजवीकडे झुकतो आणि पेबल बीचच्या कड्यावरून पॅसिफिकमध्ये पडतो, तो नुसता हिशेब असतो.

हे आज इतकं स्वच्छ दिसतंय. पण २०२० च्या हिवाळ्यात घरी सिम्युलेटर उभारायचं मी ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी काय घेतलं असेल तर कॉम्प्युटर.

मी ओहायोत कोलंबसजवळ राहतो. गोल्फपटू जॅक निक्लॉसचं हे गाव. त्यानं इथे जवळच उभारलेल्या म्युरफील्ड व्हिलेजवर दरवर्षी मोठी स्पर्धा भरते आणि आमच्यासारखे चाळिशीनंतर गोल्फ लागलेले लोक ती दोरीच्या अलीकडून बघतात. नोव्हेंबर उजाडला की गवत चिखलात जातं, मग गोठतं, आणि एप्रिलपर्यंत पिशवी कपाटात जाते. पाच महिने हातांना गंज चढू द्यायचा का, एवढाच प्रश्न होता. पोट भरतं ते सॉफ्टवेअरवर. त्यामुळे या सगळ्या सामानात मला कळणारी वस्तू एकच, आणि तिथूनच मी सुरुवात केली. ज्यावर चेंडू ठेवून मारायचा त्या मॅटबद्दल मला काही कळत नव्हतं, म्हणून मॅट ही विचार करायची गोष्ट आहे असंही वाटलं नाही.

तो काळ ग्राफिक्स कार्डांच्या दुष्काळाचा. चिप मिळत नव्हत्या आणि जी कार्डं निघत होती ती क्रिप्टोवाले उचलत होते. आरटीएक्स ३०८० ची छापील किंमत ६९९ डॉलर, पण त्या हिवाळ्यात ते दुपटीच्या खाली हाती लागत नव्हतं. मी दुप्पट मोजले. बायकोला सांगताना आकडा थोडा गोल केला. जानेवारी २०२१ मध्ये काचेची कूस असलेली, आतून निळी उजळणारी पेटी घरात आली आणि मी टेप घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो. टेप घेऊन उतरण्याची ती पहिली वेळ. जे पहिल्या दिवशी करायचं, ते मी पैसे देऊन झाल्यावर करत होतो.

तुळयांच्या खाली आठ फूट दोन इंच. मधोमध गरम हवेचा पत्र्याचा डक्ट जातो, त्याच्या खाली सात फूट चार. माझी उंची पाच फूट सात इंच, ड्रायव्हरची काठी पंचेचाळीस इंचांची. कागदावर बेरीज करता येत नाही, कारण माणूस स्विंग करताना काठी डोक्यावर सरळ उभी धरत नाही. म्हणून जुनी सात नंबरची आयर्न घेऊन हळू फिरवून पाहिली. चालली. ड्रायव्हर घेतला, हळू फिरवला. तोही चालला, तुळईपासून चार बोटं राखून. मग जोरात फिरवला, आणि तुळईत आजही दिसणारी एक खोक पडली.

त्या खोकेपेक्षा नंतरची गोष्ट वाईट. पुढे आठवडाभर मी मुद्दाम सांभाळून मारून पाहिलं. छताला काही लागत नव्हतं. पण अंगानं धसका घेतला होता. हात वर जाता जाता थांबायचे, खांदे आखडायचे. कमी उंचीच्या खोलीत माणूस छत चुकवायला शिकतो, गोल्फ शिकत नाही. नऊ फूट ही हिशेबाची किमान उंची, दहा फूट असेल तर निर्धास्त. ज्याला घरी हे करायचं आहे त्याला माझा एवढाच आग्रह आहे की काहीही मागवण्याआधी त्या खोलीत आपल्या घरातल्या सगळ्यात उंच माणसाला काठी फिरवायला लावा, आणि ती फिरवताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

बेसमेंट बाद झालं. कॉम्प्युटर दीड वर्ष माडीवर होता. दुप्पट किमतीच्या त्या कार्डावर माझी मुलगी माइनक्राफ्टमध्ये चौकोनी गाई पाळत होती.

राहिलं गॅरेज. तिथे छत नऊ फूट आठ इंच, खोली एकवीस फूट. पण दार वर सरकतं त्याचे रूळ आणि त्याची मोटर बरोबर काठीच्या वाटेत लोंबकळत होते. रूळ छतालगत उचलून घेतले, मोटर काढून दाराच्या बाजूला भिंतीवर बसणारी घेतली. आणि दोन गाड्यांपैकी एकीला बाहेर जावं लागलं. कोणाची, हे विचारायचं कारण नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात पहाटे काचेवरचा बर्फ खरवडताना मी या छंदाचा हप्ता भरत असतो. खर्चाच्या कुठल्याही यादीत तो धरलेला नसतो.

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आम्ही पोरं चौकात क्रिकेट खेळायचो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या वर गेला की चौकार, सरळ भिंतीला लागला तर दोन, मालकांच्या कुंडीला लागला तर आऊट आणि शिवाय पळायचं. बारा फुटांच्या चौकात आम्ही कसोटी सामने खेळलो. चेंडू कुठे गेला असता, यावर भांडणं व्हायची, कारण तो जायच्या आधीच भिंत यायची. गॅरेजमधला पडदा म्हणजे तीच भिंत. फरक एवढाच, की ‘कुठे गेला असता’ याचा निवाडा आता यंत्र देतं आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

म्हणून निवाडा देणाऱ्याची निवड महत्त्वाची. त्याला लाँच मॉनिटर म्हणतात. चेंडू काठीवरून सुटताना त्याचा वेग किती, तो किती अंशांनी वर निघाला, किती अंशांनी डावी-उजवीकडे, आणि स्वतःभोवती किती व कोणत्या आसावर फिरतोय, इतकं कळलं की पुढचा सगळा मार्ग मांडता येतो. यात ‘फिरतोय’ हे सगळ्यात अवघड. एडिंबरा विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिलं की गोल्फचा चेंडू इतका वेळ हवेत टिकतो तो त्याच्या उलट्या फिरकीमुळे. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता, तेव्हा घरातच निरीक्षणाची सोय होती. ड्रायव्हरचा चेंडू मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेत निघतो, सात नंबरच्या आयर्नचा चांगल्या खेळाडूच्या हातून सात हजारांच्या घरात. ही फिरकी चुकीची मोजली तर बाकी सगळं बरोबर असूनही चेंडू भलत्याच ठिकाणी उतरतो. दिशेचंही तसंच. एका अंशाची चूक अडीचशे यार्डांवर तेरा फुटांची होते. गोल्फचं भोक सव्वाचार इंचांचं असतं, हे लक्षात घ्या.

मोजण्याच्या दोन रीती आहेत. एक रडारची. तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या डॉप्लर रडारवर काम केलेल्या माणसानं ती गोल्फमध्ये आणली; डेन्मार्कची ट्रॅकमन कंपनी २००३ ची. रडार खेळाडूच्या मागे सहा-आठ फुटांवर बसतं आणि चेंडू दूर जाताना त्याला बघत राहतं. मैदानावर हे उत्तम, कारण बघायला अख्खं उड्डाण मिळतं. घरात त्याच्या वाट्याला येतात आठ-दहा फूट. त्या तुकड्यावरून फिरकीचा अंदाज बांधायचा, म्हणून चेंडूवर धातूची टिकली चिकटवतात किंवा रडारला दिसेल अशी खूण आतच घातलेले चेंडू वापरतात. दुसरी रीत कॅमेऱ्याची. यंत्र चेंडूच्या शेजारी किंवा डोक्यावर छताला असतं, काठी लागल्याक्षणी काही छायाचित्रं टिपतं आणि त्यांतल्या खुणा किती सरकल्या यावरून फिरकी काढतं. त्याला उड्डाणाची लांबी लागत नाही, मागे जागाही लागत नाही. मात्र खिडकीतून थेट ऊन आलं की ते गोंधळतं.

किमतींचा पल्ला ऐकून कोणीही दचकेल. २०२१ मध्ये गार्मिनचं आर १० हे छोटं रडार सहाशे डॉलरच्या आसपास आलं आणि गॅरेजवाल्यांची एक पिढी तयार झाली. ट्रॅकमनची मोठी यंत्रं वीस हजारांच्या पुढे. मधे दोन-चार हजारांत कॅमेऱ्याची बरी यंत्रं मिळतात. काहींना वर दरसालची वर्गणी लागते, ती न भरल्यास यंत्र मुकं होतं किंवा निम्मंच बोलतं. म्हणून किंमत पाच वर्षांची करून बघावी.

मी मित्राचं रडार महिनाभर उसनं आणलं. माझा चेंडू सरळ जात होता. तीस वर्षांत माझा एकही चेंडू, क्रिकेटचा धरून, इतका सरळ गेलेला नाही. माझा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, कोलंबसमधल्या तीन मैदानांना ठाऊक आहे. तो अचानक बरा झाला असेल, असं मला चार दिवस मनापासून वाटत होतं. नंतर लक्षात आलं की चेंडू वळायला लागण्याआधीच पडदा येतोय आणि यंत्र माझ्याबद्दल उदार अंदाज बांधतंय. मी दोन हजारांहून थोडी जास्त किंमत देऊन कॅमेऱ्याचं यंत्र घेतलं. पहिल्याच फटक्यात स्लाइस परत आला. हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट घेताना सुचली नाही. माझी मुलगी डावखुरी. शेजारी ठेवायचं यंत्र खेळाडूच्या समोर असावं लागतं, म्हणजे ती खेळायला आली की यंत्र उचलून मॅटच्या पलीकडे न्यायचं, पुन्हा नेमकं बसवायचं, आणि माझी पाळी आली की परत अलीकडे. छताला बसणाऱ्या यंत्रांना ही कटकट नसते. घरात डावा-उजवा दोन्ही असतील तर हे आधी ठरवा.

कॉम्प्युटरचं आता थोडक्यात सांगतो, कारण विषय तेवढाच आहे. मोजतं यंत्र. मार्ग मांडायचं गणित हलकं असतं, कुठलाही बरा प्रोसेसर ते चुटकीसरशी करतो. जड असतं ते गवत. लाखो पाती, झाडांच्या सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं सेकंदाला साठ वेळा रंगवायची असतात. जीएसप्रोसारख्या सॉफ्टवेअरला त्यासाठी विंडोज आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्यातली मैदानं हौशी लोकांनी रचलेली असतात, अनेकदा विमानातून लेझरनं घेतलेल्या उंचसखलाच्या मापांवरून, आणि वर्गणी वर्षाला अडीचशे डॉलर. ई६ कनेक्टसारखी सॉफ्टवेअरं आयपॅडवरही चालतात, तिथे कॉम्प्युटरचा प्रश्नच मिटतो. कार्ड किती मोठं, हे प्रोजेक्टर ठरवतो. १०८० रेषांच्या प्रोजेक्टरवर वीस लाखांहून थोडे अधिक ठिपके असतात, ४के वर बरोबर त्याच्या चौपट. माझा प्रोजेक्टर १०८० रेषांचा. त्याला ३०६० किंवा ४०६० पातळीचं कार्ड, सोळा जीबी मेमरी आणि एसएसडी एवढं पुरून उरलं असतं. लॅपटॉप चालतो, पण त्याच नावाचं कार्ड लॅपटॉपमध्ये कमी विजेवर धावतं आणि कमी काम करतं. नाव वाचून फसू नये. मी घेतलेलं ३०८० या कामावर म्हणजे मंडईतून कोथिंबीर आणायला ट्रक.

प्रोजेक्टर मात्र मी आधी काटकसरीनं निवडला, जिथे काटकसर करायची नव्हती तिथे. दिवाणखान्यातला जुना होता, तो लावला. चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर हवं अशा बांधणीचा. अकरा फूट रुंद चित्राला साडेसोळा फूट अंतर, म्हणजे तो गेला माझ्या पाठीमागे, आणि सेंट अँड्र्यूजच्या हिरवळीवर माझीच सावली उभी राहिली, पोटासकट. मग रुंदीच्या निम्म्या अंतरावरून चित्र टाकणारा घेतला. तो साडेपाच फुटांवर छताला बसला, माझ्या पुढे आणि चेंडूच्या वाटेच्या वर.

२०२२ च्या ऑक्टोबरात आई-बाबा आले, बर्फ बघायचा म्हणून मार्चपर्यंत राहिले. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. गॅरेजमध्ये मी हीटर लावून खेळायला लागलो की तिसऱ्या-चौथ्या भोकापाशी सगळं बंद पडायचं. मी पंधरा दिवस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत होतो. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधले ड्रायव्हर, बदलून झाले. बाबा खुर्ची टाकून बसले होते.

“हीटर किती वॉटचा रे?”

“दीड हजार.”

“आणि ह्या लाईनला ब्रेकर?”

“पंधरा अँपिअरचा असेल.”

“तुमच्याकडे व्होल्टेज एकशे वीस. म्हणजे अठराशे वॉट झाले. त्यात हा तुझा निळा दिवा आणि वरचा सिनेमा. दहा मिनिटं टिकतं तेच खूप आहे.”

ब्रेकर थोड्या जादा भाराला लगेच उडत नाही, तापून उडतो. म्हणून नेमका तिसऱ्या भोकापाशी. इलेक्ट्रिशियन बोलावून हीटरला २४० व्होल्टची स्वतंत्र लाईन घेतली. बाबांनी दुसरीही गोष्ट दाखवली. गोठलेल्या गॅरेजमध्ये एकदम ऊब आली की थंड लोखंडावर दव धरतं, आणि कॉम्प्युटरची पेटी लोखंडाचीच. तिला आतल्या कपडे धुण्याच्या खोलीत हलवायचं ठरलं. मधे भिंत आणि पन्नास फूट वायर. एवढ्या अंतरावर साध्या एचडीएमआयचा भरवसा नाही, म्हणून आतून प्रकाशावर चालणारी फायबरची वायर आणली. भिंतीला भोक पाडून, छतातून ओढून, खिळ्यांनी बसवून दोन दिवसांत काम संपलं. बटण दाबलं. अंधार. ही वायर एकाच दिशेनं चालते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असं ठळक छापलेलं होतं, आणि मी ती उलटी ओढली होती. बाबा काही बोलले नाहीत. शिडी धरायला उठले.

आता मॅट. हिच्याबद्दल लिहायचं म्हणून खरं तर हा लेख.

गवतावर काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसली तर माती उडते, चेंडू तीस यार्डांवर जाऊन लाज काढतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. मॅटवर तसं होत नाही. कडक मॅटवर काठी आधी टेकली तरी घसरून पुढे जाते आणि चेंडूला बऱ्यापैकी लागते. यंत्र प्रामाणिकपणे मोजतं. वेग चांगला, उंची चांगली, एकशे चाळीस यार्ड. खोटं यंत्र बोलत नाही, खोटं त्याच्या पायाखाली घडतं. त्या हिवाळ्यात मी गॅरेजमध्ये पहिल्यांदा ऐंशीच्या आत खेळलो. आईला पडद्यावरचा आकडा दाखवला. “कमी म्हणजे चांगलं ना यात?” असं विचारून तिनं खात्री करून घेतली आणि शेजारच्या काकूंना फोनवर सांगितलं. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी खऱ्या गवतावर गेलो. पहिल्या नऊ भोकांत सहा वेळा मातीच उडाली. सोबतच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थानं काही न विचारता ओळखलं आणि म्हणाला, सिम्युलेटर घेतलाय वाटतं.

तोवर डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं होतं. चहाचा कप उचलताना कळ यायची. मॅट साठ डॉलरची, खाली सिमेंटचा कोबा. हिवाळाभर आठवड्याला तीन-चारशे फटके, आणि प्रत्येक चुकीच्या फटक्याचा दणका गवताऐवजी कोपरानं खाल्लेला. फिजिओथेरपिस्टनं सहा आठवडे काठीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मे-जून गेला. ज्या उन्हाळ्यासाठी एवढा खटाटोप मांडला, त्यातले दोन महिने मी दोरीच्या अलीकडे.

दुसरी मॅट जाड, खाली फोमचा थर. तिनं कोपर वाचवलं, पण चूक लपवायची ती लपवतच होती. तिसऱ्या मॅटला मध्ये बदलता येणारी पट्टी आहे. काठी आधी टेकली तर पट्टी दबते, धरून ठेवते आणि मनगटाला सांगते की चुकलास. गवताइतकं नाही, पण सांगते. पट्टी वर्ष-दीड वर्षात झिजते, तेव्हा तेवढीच बदलायची. या मॅटची किंमत पहिल्या मॅटच्या बारा पट आहे. माझे गॅरेजमधले गुण तिच्यावर सात-आठांनी बिघडले आणि एप्रिलमधले सुधारले. फटक्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या भिंतीतून जातो तो मात्र तसाच आहे. बायको म्हणते, धप् आवाज आला की तुझा फटका कसा बसला ते आता मला इथून कळतं.

घरी हे करायचं म्हणून हल्ली दोघं-तिघं माझं गॅरेज बघून गेले. सगळे आमच्याच धंद्यातले. येतात, इकडेतिकडे बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, कार्ड कुठलं आहे. मी त्यांना मॅटवर उभं करतो आणि ड्रायव्हर हातात देतो. कॉम्प्युटर २०२१ पासून तोच आहे. मॅट तिसरी आहे.